तिसऱ्या दिवशीचा आवाज

मला रडता चांगलं यायचं. हे मी फुशारकीनं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. कुणाला पुरणपोळी साधते, कुणाला गोधडी शिवता येते, तसं मला मयतीत रडता यायचं.

माझं सासर भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला. गावात कुणी गेलं की बायका आधी माझ्याकडं बघायच्या. सुरुवात कुणाला तरी करावी लागते. घरच्या बायका धक्क्यानं गप्प बसलेल्या असतात, बाहेरच्या संकोचानं. मी गल्लीच्या तोंडापासून हेल काढायची. दाराशी पोचेपर्यंत आतल्या बाईला हुंदका फुटलेला असायचा. मग गळ्यात गळा घालायचा आणि गेलेल्या माणसाचं एकेक सुरात सांगायचं. लेकीला आणायला गाडी जुंपून कसा जायचा, चहात साखर किती लागायची, कुणाशी भांडला आणि परत कसा बोलायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी असायचंच असं नाही. बऱ्याचदा नसायचं. पण माझ्या आवाजानं बाकीच्यांच्या डोळ्यांत यायचं आणि कामाशी काम.

जशी सुरू करणारी असते तशी थांबवणारीही असते. ते काम माझ्या मोठ्या जावेचं होतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन यायची, रडणारीच्या पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "बास आता. चूळ भर." तिनं म्हटलं की थांबायचं. जावेला स्वतःला सूर नव्हता, पण कुठं थांबवायचं ते तिला कळायचं. लवकर थांबवलं तर दुःख आत राहतं, फार उशीर केला तर बाई अंथरूण धरते.

पुढं मालकांना बदनापूरला सरकारी फार्मावर मजुराचं काम मिळालं आणि आम्ही इथं दोन खोल्या बांधल्या. मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथंच घर केलं. आम्ही दोघं इथं राहिलो. मग करोना आला. मालकांना जालन्याला दवाखान्यात नेलं, मी तापानं घरातच पडले होते. फोन आला, माणूस गेल्याचा. माती कुणी दिली, कुठं दिली, मी पाहिलं नाही. मुलाला येऊ दिलं नाही. समोरच्या बाईनं माझ्याकडची खिडकी लावून घेतली. मी तिला दोष देत नाही, मीही लावली असती. मी खाटेवर बसले आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. वर पंखा फिरत होता. एकटीनं कसं रडतात ते मला माहीतच नव्हतं.

नंतर सगळं खुलं झालं तेव्हा सोयरे आले. खुर्च्यांवर बसले, चहा घेतला, कुणी लस घेतली कुणी नाही याच्या गोष्टी केल्या आणि गेले. ती वेळ निघून गेली होती. त्यानंतर मी कुणाच्या मयतीत सूर काढला नाही. जायची, बसायची, उठून यायची.

अशी काही वर्षं गेल्यावर माझी नात माझ्याकडं राहायला आली. मुलाची एकुलती एक. शेतीचं काहीतरी मोठं शिकली होती आणि जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत तिला काम मिळालं होतं. बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवलं ते बघायचं. सकाळी डबा घेऊन बदनापूरच्या स्टेशनावर जायची, गाडीनं जालना, पुढं रिक्षा. संध्याकाळी परत. खरं सांगायचं तर ती आली म्हणून मला बरं वाटलं. घरात दुसरं कुणी खोकलं तरी बरं वाटतं.

पण पोरगी बोलायची नाही. कानात ती बारकी यंत्रं घालून बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर भिंत. डबा अर्धा परत यायचा. रविवारी अंघोळ न करता भिंतीकडं तोंड करून पडायची. आधी मला वाटलं, पुण्यात कुणी पोरगा असेल आणि सोडला असेल. तसं सरळ विचारलं.

"कुणी पोरगं हाय का?"

"नाही आजी."

"व्हतं का?"

"नव्हतं."

"मंग कंपनीत काही बोललं का कोणी?"

"कुणी काही बोलत नाही. सगळे चांगले आहेत."

सगळे चांगले आहेत म्हटल्यावर पुढं काय विचारणार? आमच्या वेळी उदास व्हायला कारण लागायचं. नवरा मारायचा, मूल राहायचं नाही, पाऊस जायचा. हिच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं आणि तोंड मात्र तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलेल्या माणसासारखं.

एका रविवारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिनं कानातलं काढलं नव्हतं. माझे कान अजून धड आहेत. त्यातून बारीक आवाज गळत होता, लांबच्या रातकिड्यांसारखा.

"काय ऐकून राह्यली गं रोज?"

"गाणी."

"कसली? देवाची न्हाईत, सिनेमातली बी न्हाईत वाटत."

"तुला नाही आवडणार."

"मला काय आवडतं ते तुला काय माहीत? तू तर कधी विचारलंबी न्हाई."

यावर ती जरा हसली. तेवढंच. मग म्हणाली, "याला ब्लॅक मेटल म्हणतात. त्यातही हे उदास प्रकारचं. लांब थंड देशात एक माणूस आहे, तो एकटाच सगळं वाजवतो आणि एकटाच ओरडतो. घरात बसून."

"एकटाच? साथीला कोणी न्हाई?"

"कुणी नाही."

"बायको?"

"आजी, ते मला नाही माहीत."

ती कानातली यंत्रं माझ्या कानात राहीनात, सारखी पडायची. म्हणून तिनं तिची स्पीकरची डबी काढली आणि कट्ट्यावर ठेवली. दुपारची वेळ होती. वारं यावं म्हणून दार सताड उघडं होतं. माझे गुडघे दुखत होते, मी खाटेवर आडवी झाले. ती माझ्या उशाशी खाली बसली. मध्येच फोन यायला नकोत म्हणून तिनं फोनवर काहीतरी दाबलं आणि गाणं लावलं.

आधी नुसतं वारं. मग एक सूर, तोच तो, परत तोच. शेतात काम करताना तीन शेतं पलीकडं मोटार चालू असते ना, तसा. ती मोटार चालू आहे हे आपण विसरून जातो आणि लाईट गेली की कानात खड्डा पडतो. तसा तो सूर चालला होता. त्याच्या खाली ढोल इतका भरभर की ढोल वाटेना, मळणीयंत्र वाटावं. मी म्हटलं, यात ऐकायचं काय?

मग तो माणूस ओरडला.

पुढं येऊन नाही ओरडला. बाकी गाणारे तोंडासमोर येऊन गातात. हा कुठंतरी मागं उभा होता, वाऱ्याच्या उलट तोंड करून बांधावरून हाक मारावी तसा. शब्द एक कळत नव्हता. आवाज पार फाटलेला. मी डोळे मिटले. हा आवाज मला माहीत होता.

मयतीत पहिल्या दिवशी बाईचा आवाज भरलेला असतो. त्यात शब्द असतात, तक्रार असते, लोकांनी ऐकावं असंही असतं. दुसऱ्या दिवशी घसा बसतो. तिसऱ्या दिवशी शब्द संपलेले असतात, सूरही संपलेला असतो, नुसतं फाटकं काहीतरी निघतं, आणि ते कुणासाठी नसतं. त्या वेळेला लोक आपापल्या घरी गेलेले असतात. मी सुरुवात करणारी, मी ते फार कमी वेळा ऐकलं होतं. पण ऐकलं होतं. हा माणूस पहिल्यापासूनच तिसऱ्या दिवशी होता.

त्या दिवशी खाटेवर बसून मी तोंड उघडलं होतं, तेव्हा आला असता तर हाच आवाज आला असता. मी हलले नाही. गाणं संपेचना. पंधरा मिनिटं झाली असतील, वीस झाली असतील. मी वाट बघत होते की आता कुणीतरी येईल आणि याला म्हणेल, बास आता. कुणी आलं नाही.

एवढ्यात दारात किंकाळी फुटली.

"आजी गेल्या वोऽऽ!"

शेजारची तरणी सून. कणकेचे हात, पदर खोचलेला. तिचंही काय चुकलं? घरातून असं फाटक्या गळ्याचं रडणं येतंय, म्हातारी खाटेवर डोळे मिटून सरळ पडलेली, नात उशाशी मान खाली घालून बसलेली. कुणालाही तेच वाटलं असतं. ती तशीच वळली आणि गल्लीत ओरडत गेली.

मी डोळे उघडले. उठायला मला वेळ लागतो. मी कोपरावर उठेपर्यंत समोरची बाई दारात पोचली होती. तीच, खिडकीवाली. माझ्याच वयाची. ती रिवाजाप्रमाणं फाटकापासूनच डोळे मिटून, तोंडावर पदर घेऊन, हेल काढत आली होती. आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मग एकदम थांबली.

"अगं बया! ही तर गरम हाय!"

"मंग काय थंड पाह्यजे व्हती?" मी म्हटलं.

मागून आणखी तिघी-चौघी आल्या. दारात गर्दी. शेजारची सून मागून वाकून बघत होती.

"कोण मेलं गं?" मी तिला विचारलं.

"तुम्हीच की वो!"

"म्या मेले असते तर तुला सांगितलं असतं."

एक-दोघी हसल्या, एकीनं हसणाऱ्यांना दटावलं. नात घाबरून फोनशी झटत होती, तिच्या बोटांना काही सापडत नव्हतं आणि तो माणूस आपला ओरडतच होता. बायका इकडंतिकडं बघायला लागल्या.

"मंग हे रडून कोण राह्यलं?"

"गाणं हाय ते."

"गाणं?" शेजारची सून म्हणाली. "आजी, तुमची शप्पथ, म्या तर गॅस बंद करून आल्ते. आमच्या ह्यांनी ग्रुपवर तुमचा फोटो बी टाकला."

"कोणता फोटो?"

"आमच्या लग्नातला. त्याला फुलं लावली."

मी सांगत होते की घरी जा, काही झालं नाही. पण समोरची माझ्या गळ्यातून हात काढेना. मी तिला म्हटलं, "अगं, म्या जित्ती हाय." ती म्हणाली, "ठावं हाय. पण आता आले रडत, तर रडू दे." आणि तिनं परत सूर धरला.

"माझ्या भाऊऽऽ, तुला शेवटचं पाह्यलं न्हाई रेऽऽ, दारातून गाडी गेली अन् म्या खिडकी लावली रेऽऽ."

ती माझ्या मालकांना भाऊ म्हणायची. रोज सकाळी ते तिच्या दारातून जायचे आणि ती विचारायची, "भाऊ, आज काय लावलं फार्मात?" ते सांगायचे, तूर, हरभरा, जे असेल ते. तिनं हे सगळं सुरात सांगितलं. तूर सांगितली, हरभरा सांगितला, त्यांची सायकल सांगितली. मला वाटलं नव्हतं तिच्याजवळ एवढं असेल.

नातीला बटण सापडलं होतं. मी तिला हातानं खूण केली, राहू दे. तिनं आवाज थोडा कमी केला, पण चालू ठेवला. एक रडत होती गल्लीतल्या सगळ्यांसमोर आणि एक ओरडत होता कुठल्या बर्फाच्या देशात बंद खोलीत. दोघांचा काही मेळ नव्हता आणि तरी मला ते बराबर वाटलं.

मी रडले नाही. मला वाटलं होतं येईल, नाही आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ते काम मी जन्मात केलं नव्हतं. कधी थांबवायचं ते मला कळेना. शेवटी तिचा श्वास तुटायला लागला तेव्हा म्हटलं, "बास कर आता. तुझी बीपीची गोळी चालू हाय." नातीनं पाणी आणून दिलं. तिनं चूळ भरली, नाक पुसलं आणि म्हणाली, "गाणं चांगलं हाय. पण लई लांब हाय."

बायका गेल्या. नात जमिनीवरच बसून होती. पुण्यात माणसं रुमालात रडतात. असं रडताना तिनं कुणाला पाहिलं नव्हतं.

"आजी, त्या खरंच रडत होत्या?"

"खरं-खोटं काय त्यात? रडत होती."

"आणि त्यांना लाज नाही वाटली? एवढ्या लोकांत?"

"लोकं असल्यावर कशाची लाज? एकटीला लाज वाटती."

मग मी विचारलं, "तू हे का ऐकती, खरं सांग." ती म्हणाली, "बाकीची सगळी गाणी माझ्याकडून काहीतरी मागतात. हसायला, नाचायला, प्रेमात पडायला. हे काहीच मागत नाही. मी जिथं आहे तिथं येऊन बसतं."

मला हे कळलं. अगदी पुरतं कळलं.

मग तिनं आणखी एक सांगितलं, माझ्याकडं न बघता. सकाळी स्टेशनावर गाडी यायच्या वेळेला ती फलाटावर पुढं उभी राहत नाही. मागं भिंतीला पाठ लावून उभी राहते. गाडी पूर्ण थांबली की मगच पुढं जाते.

"का गं? गर्दीची भीती वाटती का?"

"गर्दीची नाही," ती म्हणाली. "माझी."

मी तिला जवळ घेतलं वगैरे नाही. मला ते जमत नाही. मी म्हटलं, "उद्या स्टेशनावर जायचं न्हाई." ती म्हणाली, "आजी, हे बाबांना सांगू नकोस." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तिन्हीसांजेला मुलगा दारात उभा. गल्लीतल्या कुणीतरी त्याला पुण्याला फोन केला होता, आई गेली म्हणून. त्यानं आम्हाला फोन लावला तर हिनं गाण्यासाठी फोन येणं बंद केलेलं आणि परत सुरू करायचं विसरलेली, माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तो गाडी काढून निघाला. अर्ध्या वाटेत त्याला दुसरा फोन गेला की आई बसली आहे आणि भांडत आहे. तरी परत फिरला नाही. आला, मला बघितलं, खाटेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याला पाणी दिलं.

समोरच्या घरातून पिठलं-भाकरी आली होती. मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. त्यांच्या सुनेनं बातमी खरी धरून केलं होतं, आता वाया कसं घालवायचं? मी ताटं केली. मुलानं आपल्या जित्या आईच्या मयतीचं पिठलं खाल्लं. भूक लागलीच होती त्याला. खाताना राग चढत गेला.

"काय लावलं होतं असं? दाखव मला."

नातीनं लावलं. त्यानं घास हातात धरून अर्धा मिनिट ऐकलं.

"हे गाणं आहे? हा माणूस मरतोय."

"बाबा, तुम्ही अर्धंच मिनिट ऐकलंत."

"अर्ध्या मिनिटात माझ्या छातीत धडधड व्हायला लागली. आणि तू दिवसभर ऐकतेस? म्हणून तोंड असं झालंय. आई, हिचं तोंड बघितलंस का?"

"रोजच बघते," मी म्हटलं.

"आजच्या आज हे सगळं पुसून टाक. नाहीतर सामान भर आणि चल. इथं बिघडायला नाही ठेवलं तुला. आणि ताट का तसंच आहे? जेव."

नातीनं ताटाला हात लावला नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

माझा मुलगा माझं ऐकतो. मी नुसतं म्हटलं असतं, पोरगी बरी हाय, गाण्यानं कोणी मरत न्हाई, तर तो रात्री इथं झोपून सकाळी गेला असता. ती राहिली असती. संध्याकाळी फाटक वाजलं असतं, चहा दोन कप झाला असता. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस खोटं बोलतो, मी बघितलं आहे.

मी म्हटलं, "गाणं पुसू नको. गाण्याचा काही दोष न्हाई. पोरगी आजारी हाय, तिला डॉक्टरकडं ने."

"कसली आजारी?"

मी सांगितलं. डबा अर्धा येतो ते सांगितलं, रविवारचं सांगितलं, आणि स्टेशनावर ती भिंतीला पाठ लावून का उभी राहते तेही सांगितलं.

"आजी," नात म्हणाली. तेवढंच. मग ताट बाजूला सारून, "मी फक्त तुला सांगितलं होतं."

मुलाच्या हातातला घास ताटात पडला. मग हळू आवाजात मला म्हणाला, "म्हणजे डोक्याचा डॉक्टर? आई, लग्नाची पोरगी आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आज मला फुलं लावून मेलेली पाह्यली. अजून काय म्हणायचं राह्यलं?"

"पण ते गाणं ऐकूनच..."

"उलट हाय. तू समजून घे. रडणाऱ्या बाईला कोणी म्हणत न्हाई की रडल्यामुळं तुझा माणूस मेला. पण रडणारीजवळ एक माणूस बसवावा लागतो, बास म्हणायला. हिच्याजवळ कोणी न्हाई. म्या म्हातारी. सकाळी स्टेशनापर्यंत बी चालवत न्हाई. तू तिचा बाप हाय, तू बस."

त्यानं तिचं ताट उचललं, पिठल्यात भाकरी कुस्करली, लहान असताना करायचा तशी, आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं दोन घास खाल्ले. माझ्याकडं पाहिलं नाही.

सकाळी दोघं निघाले. तिनं पिशवी भरली, स्पीकरची डबी भरली, वाकून माझ्या पायाला हात लावला. रिवाज म्हणून लावला, ते पायाला कळतं. मी म्हटलं, "जल्दी बरी हो." ती म्हणाली, "हो." गाडी गेली. समोरची खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "कामून धाडली गं? सोबत व्हती तुला." मी म्हटलं, "काम हाय तिला पुण्यात." सगळ्यांनाच सगळं सांगायचं नसतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नुसतं एकटं असणं वेगळं आणि कुणी राहून गेल्यावरचं एकटं असणं वेगळं. भाकऱ्या सवयीनं जास्त व्हायच्या. संध्याकाळची गाडी यायच्या वेळेला मी बाहेर पायरीवर बसायची आणि स्वतःवरच चिडून आत यायची. मुलाचा फोन यायचा. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, गोळ्या सुरू केल्या, कंपनीतून रजा काढली, झोप लागते आता. "तिला दे," म्हटलं की तो जरा थांबायचा आणि म्हणायचा, "झोपली आहे." भर सकाळी अकराला झोपली आहे. मी ओळखायची.

त्या लांबच्या माणसाचा मी अधूनमधून विचार करते. त्याचं नाव मला माहीत नाही, मी विचारलं नव्हतं. तो दार लावून ओरडला, यंत्रात भरलं, आणि ते इतकं फिरून बदनापूरच्या एका गल्लीत आलं की बायकांनी गॅस बंद केले. त्याला हे कुणी सांगितलं तर त्याला काय वाटेल? आपलं ऐकून कुणी धावत आलं होतं, हे त्याला कळायला हवं असं मला वाटतं. मग वाटतं, नको. कदाचित कुणी येऊ नये म्हणूनच तो ओरडत असेल. मला एवढं शिक्षण नाही की हे ठरवता यावं. पण त्याच्या आवाजात खोटं नव्हतं, एवढं मी या कामातली म्हणून सांगते.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी फोन वाजला. मी पीठ मळत होते. मुलाचा असेल म्हणून उचलला. पलीकडं कुणी बोलेना.

"कोण?"

"मी."

माझा पिठाचा हात कपाळाला लागला, ते मला नंतर दिसलं.

"जेवली का?"

"नाश्ता केला."

"गोळ्या?"

"घेते."

"गाणी ऐकती का?"

"ऐकते. डॉक्टरांना पण ऐकवलं एक. त्यांनी पूर्ण ऐकलं."

"चांगली बाई हाय मंग." मी परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं. "राग हाय का माझा?"

"आहे."

"असू दे."

मी म्हटलं, ठेवते, पैसे कशाला जाळती. ती म्हणाली, "पैसे लागत नाहीत आजी." आणि मग म्हणाली, "तू बोलू नकोस काही. तुझं काम कर. फोन फक्त चालू ठेव."

"काय ऐकायचं हाय तुला इथं?"

"काही नाही. ठेव चालू."

मी फोन डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवला आणि पीठ मळलं. तवा ठेवला. भाकरी थापली, उलटली, दुसरी थापली. समोरची कुणावर तरी ओरडत होती, मालगाडी गेली, मला खोकला आला. मला उगीच लाज वाटत होती, कुणी परीक्षा घेत असल्यासारखी. मग ती लाजही गेली. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी करायची नव्हती म्हणून उरलेलं पीठ झाकून ठेवलं. हात धुऊन फळीकडं बघितलं तर फोन काळा झाला होता. केव्हा बंद केला मला कळलं नाही.

तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा तसा फोन येतो. कधी तेवढंही बोलणं नाही. मी उचलते, ती म्हणते, "मी आहे," आणि मी फोन फळीवर ठेवते. कधी भांडी घासते, कधी नुसती बसते. ती अजून जालन्याला परत येण्याचं बोललेली नाही आणि मी विचारलेलं नाही.